पुसलेल्या नंबरचा कॅमेरा

रकाना १. चोरीला गेलेली वस्तू: कॅमेरा
रकाना २. कॅमेऱ्याचा नंबर:

इथेच रुची अडकली. खंडेनवमीला आत्याच्या कॅमेऱ्याची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी रुचीने ओल्या फडक्याने कुंकू घासलं, तर तळाचा नंबरही पुसला गेला. चार दिवसांनी कॅमेराच चोरीला गेला. आत्या त्यावर गोंदियाच्या तळ्यांवरचे सारस पक्षी टिपायची.

"नंबरच नाही, तर ओळखणार कसा?" रुचीने विचारलं.

चौकीत तक्रारी लिहून घेणारा यंत्रमानव टिपण म्हणाला, "बघू. आधी पुढचं लिही."

रकाना ३. संशय कोणावर: कुंदा लांजेवार

"ही कोण?"

"माझी मैत्रीण. कालच शाळेच्या फलकावर तिने सारसाचा झकास फोटो लावला. तिच्याकडे कुठला आलाय असला कॅमेरा!"

कुंदाचा कॅमेरा चौकीत जमा झाला. तीन दिवस.

(या तीन दिवसांसाठी अर्जात रकाना नव्हता.)

चौथ्या दिवशी टिपणने रुचीला पडद्यासमोर बसवलं.

"कॅमेऱ्यात संवेदक (प्रकाश टिपणारी चिप) असतो. समज, त्यावर लाखो इवल्या वाट्या मांडल्यात. पण कुठल्याही दोन वाट्या अगदी सारख्या बनत नाहीत. सारखाच प्रकाश पडला तरी एक किंचित जास्त भरते, दुसरी किंचित कमी."

"दरवेळी तीच जास्त आणि तीच कमी?"

"बरोब्बर! ही खोड प्रत्येक फोटोत उतरते. डोळ्यांना दिसत नाही. पण एकाच कॅमेऱ्याचे पुष्कळ फोटो एकत्र केले की चित्रं विरून जातात आणि खोड उरते. तो संवेदक-ठसा (कॅमेऱ्याची स्वतःची ओळख)."

"म्हणजे फडक्याने न पुसला जाणारा नंबर!"

"हो. हा आत्याच्या जुन्या फोटोंमधला ठसा. हा कुंदाच्या फोटोंमधला."

दोन्ही जुळत नव्हते.

"कॅमेरा तिचाच आहे," टिपण म्हणाला. "मामाने जुना दुरुस्त करून दिला, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

रुचीने तिला विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात कुंदा आली. "या चोराला आपला माल परत मिळेल का?"

"कुंदा, चुकलं गं माझं."

"सारसाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून रोज एक फोटो काढत होते मी. चौऱ्याण्णव दिवस. परवा ते उडालं."

"मग?"

"मग काय! बांधावर उभी राहिले. रिकाम्या हातांनी."

रुचीने अर्ज ओढला, तिसरा रकाना खोडला आणि लिहिलं: कुंदाने काही चोरलेलं नाही. मी न विचारता तिचं नाव लिहिलं.

"एवढं रकान्यात बसत नाही," टिपण म्हणाला.

"मग समासात लिहिते. आणि उद्या शाळेच्या फलकावरही लावते."

टिपणने आत्याच्या कॅमेऱ्याचा ठसा देशभरच्या शोधयादीत पाठवला. त्या कॅमेऱ्याचा फोटो कुठेही झळकला, तर यादी तो ओळखणार होती.

कुंदा दारापर्यंत जाऊन थांबली.

"पुढच्या पावसाळ्यात सारसांची जोडी परत घरटं करेल. पहाटे पाचला निघते मी. उशीर केलास तर थांबणार नाही."