डाव्या सीटखालचा आवाज

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट तरी वेगळा केला असता.

आमचं घर बौद्ध. उतारे, अंगारे, लिंबू-मिरची यांना आमच्या दारात थारा नाही. त्यातून हे घडलं माझे सख्खे चुलते कोंडीरामकाका यांच्या बाबतीत. पिंपरीतल्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर इन्स्पेक्शनचं काम केलं. लहानपणी आम्ही भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "आवाज हाय म्हंजी कारण हाय. आधी तपास, मग घाबर."

घटना गेल्या दिवाळीनंतरच्या एका गुरुवारची. जागा, चाकण एमआयडीसीतला मागचा रस्ता. वेळ दिवेलागणीची.

रिटायर झाल्यावर काकांनी एक जुनी व्हॅन घेतली होती. चौकोनी, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. चाकणच्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बायकांची ते ने-आण करायचे. चतुराकाकूही त्यांच्यातच, पॅकिंगला. तिची जागा पुढची, डावी. येताना एकेक बाई उतरत जायची, शेवटी दोघंच उरायचे आणि गप्पा मारत थेरगावला घरी यायचे.

काकू गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून काका दोन खोल्यांत एकटे. डाव्या सीटवर कुणी बसत नसे. काकांनी कधी मनाई केली नव्हती, तरीही.

मुलगी मिनल हैदराबादला. रोज मागे लागायची, "पप्पा, गाडी विका आणि इकडे या." होय-नाही करत काका शेवटी तयार झाले.

आणि नेमका तेव्हाच गाडीत आवाज यायला लागला.

टिक...

मध्येच. सीटखालून. कधी एक, कधी दोन. मग बराच वेळ काही नाही.

"बिघाड लपवून गाडी विकायची न्हाई," काका मिनलला म्हणाले. "आधी आवाज घालवतो. मग इकतो. मग येतो."

डांगे चौकाजवळ सुजितचं गॅरेज आहे. पोरगा हुशार. त्याने डावी सीट उचलली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली, डॉक्टर नळी लावतात तशी.

"इंजिनाचा टॅपेट ढिला झाला असणार, काका. जुन्या गाड्यांना होतंच." त्याने टॅपेट सेट केले. ऑइल बदललं. प्लग बदलले.

दुसऱ्या दिवशी परत...

टिक.

काकांनी गाडी गॅरेजला नेली की आवाज गायब. सुजित शेजारी बसून भूमकर चौकापर्यंत जाऊन आला. काही नाही. "तुमचा पेशंट डॉक्टरसमोर खोकतच नाही राव," तो म्हणाला.

मग काकांनी स्वतः लक्ष ठेवलं. इन्स्पेक्शनचा माणूस तो. गाडी भरलेली असली की आवाज नाही. सांगवीला स्वरूपा उतरायची, ती शेवटची. "येते काका, सावकाश जा," म्हणून ती दार ओढून घ्यायची. गाडी रिकामी व्हायची. आणि मग...

टिक.

आणखी एक गोष्ट त्यांना खटकली. टॅपेट असता तर रेस वाढवल्यावर आवाजही भरभर झाला असता. हा आपला सवडीने यायचा.

"काका, मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा," सुजित म्हणाला. "गुरुवारी चाकणला जा. कंपन्यांना आठवड्याची सुट्टी, रस्ता मोकळा. दुसरा आवाजच नसतो."

त्या गुरुवारी काका एकटेच गेले. गेटं बंद. चहाच्या टपऱ्यांवर ताडपत्री. रस्त्याकडेला ट्रेलर उभे, त्यांत माणूस नाही. काकांनी रेकॉर्डिंग चालू केलं आणि मोबाइल डाव्या सीटवर ठेवला. काकूच्या मातीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं इतकं एकटं त्या रस्त्यावर वाटलं, असं ते मला नंतर म्हणाले.

तिथून ते थेट गॅरेजला आले. माझी बाइक दुरुस्तीला होती म्हणून मीही तिथंच होतो. सुजितने डावी सीट उचलून ठेवली आणि रेकॉर्डिंग लावलं.

काहीच ऐकू येईना.

"काका, गाडी बंद ठेवून रेकॉर्ड केलं का?"

"चालू व्हती की. चाकणपासून हितवर चालूच हाय."

रेकॉर्डिंगमध्ये इंजिन नव्हतं. रस्ता नव्हता. वारा नव्हता. दार लावून खोलीत बसावं तशी शांतता होती.

मग काकांचा आवाज आला.

"थंडी वाजती का गं?"

...

टिक.

"काच लावली, बग. पाणी पायजे?"

टिक. टिक.

"बरं."

सुजित हसला. "कुणाशी बोलत होता, काका?"

काका हसले नाहीत. "मी? मी तोंडसुदीक उघडलं न्हाई."

सुजितला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. काकूच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. शेवटचे काही महिने ती बोटातली अंगठी वाजवून बोलायची. ताटावर, पलंगाच्या पाइपवर, गाडीच्या पत्र्यावर.

एकदा वाजवली की हो. दोनदा वाजवली की नाही.

इतके दिवस काकांच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मशीनवर जन्म काढलेल्या माणसाला आवाज म्हणजे बिघाडच वाटतो.

रेकॉर्डिंग पुढे चालू होतं.

"पोरगी बोलावती. गाडी इकून जाऊ का तिच्याकडं?"

टिक. टिक.

"मग हितं एकट्यानं काय करू?"

यावर काहीच आलं नाही. हो किंवा नाही म्हणून उत्तर देण्यासारखा तो प्रश्नच नव्हता. रेकॉर्डिंगमधले काका रडत होते. गॅरेजमधले काका बाकाची कड धरून उभे होते.

"मग तुज्याकडं येऊ?"

...

टिक.

आणि रेकॉर्डिंग संपलं. मोबाइलची मेमरी तिथंच भरली होती.

सुजितने उचललेली सीट हळूच खाली ठेवली. "काका, ही गाडी उद्याच्या उद्या भंगारात द्या."

काकांनी त्या सीटवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, "न्हाई. तिचं बोलणं पुरं झालं न्हाई अजून. दुसऱ्यांदा वाजवायचं राह्यलं आसंल. चतुरा मला असं बोलवायची न्हाई."

तेव्हापासून ते रोज स्वरूपाला सोडल्यावर एकटे येतात. रोज तोच प्रश्न विचारतात, आता मुद्दाम, मोठ्याने. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणतात. कुणी असलं की ती बोलत नाही ना. मिनलला सांगितलंय, पार्ट मिळत नाही. इतकंच ठरलं की घरी पोचल्यावर मला फोन करायचा.

"पोचलो."

"आवाज आला?"

"न्हाई."

माझा जीव भांड्यात पडतो. त्यांचा पडत नाही, ते आवाजावरूनच कळतं.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन आला नाही. मी लावला, उचलला नाही. धावतपळत थेरगावला गेलो. व्हॅन बिल्डिंगखाली उभी होती. इंजिन बंद. काका आतच होते.

डाव्या सीटवर.

दार उघडलं तर शांत बसलेले. काकू गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"काका, आला का आवाज?"

माझ्याकडे बघत त्यांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर वाजवलं. एकदा.

मी विचारलं, "एकदाच आला का, काका?"

त्यांनी बोट पुन्हा पत्र्यावर टेकवलं.

टिक...

दुसऱ्यांदा वाजवतील म्हणून मी दार धरून उभा राहिलो. खूप वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे गाडी घेऊन गेले. बायकांशी बोलले, हसलेसुद्धा, असं स्वरूपा म्हणाली. त्या संध्याकाळबद्दल विचारलं की विषय बदलतात.

आजही गेलेत. स्वरूपाला सोडून मघाशीच सांगवीहून निघाले, तिला विचारलं मी.

एव्हाना फोन यायला हवा होता.