डाव्या हाताची खूण

तो आला होता मावशीला कवळी बसवून घ्यायला. मावशी काहीतरी बोलली, तो हसला, आणि डॉक्टरीणबाईंनी ओळख ना पाळख, एकदम विचारलं, "तुमचा हा पुढचा दात कधी आपटला होता?"

"सगळ्यांशी ओळख अशीच करून घेता का?"

"पिवळ्या दातवाल्यांशी. बसा खुर्चीत."

एक्स-रे पाहिला आणि तिची थट्टा मावळली. लहानपणी सायकलवरून पडल्यापासून दात आतून कॅल्शियमने बुजत गेला होता. मुळातली नळी जवळजवळ नाहीशी, टोकाशी पू. नळी शोधताना ड्रिल केसभर तिरकं गेलं की मुळाला भोक पडणार, दात काढावा लागणार. आणि हा पठ्ठ्या क्लॅरिनेट वाजवून जगणारा. वरचे दात टेकवल्याशिवाय ते वाद्य वाजत नाही.

"दुखलं तर डावा हात वर करा," तिने सांगितलं. नस मेलेली असल्याने भूल नव्हती. दुखलं तर आपण वाट चुकलो, हे मात्र तिने सांगितलं नाही... उगाच घाबरवायचं कशाला?

दोन बैठका गेल्या. नळीचा पत्ता नव्हता. तिला मात्र त्याच्या येण्याच्या वेळा पाठ झाल्या होत्या, आणि याचा तिला भयंकर राग येत होता.

तिसऱ्या बैठकीत मायक्रोस्कोपखाली एक ठिपका दिसला. तिने नळी साफ करायची केसासारखी बारीक सुई, फाईल, त्यात टेकवली. श्वास रोखला... फाईल किंचित अडकली.

आणि त्याचा डावा हात वर गेला.

तिने हात थांबवला. मूळ फुटलं. याचा दात गेला, याचं वाजवणं गेलं – आपल्या हातून. फाईल तशीच ठेवून तिने एक्स-रे घेतला. बोटं थरथरत होती.

फाईल नळीत होती. अगदी मधोमध.

तिने तोंडावरचा रबरी पडदा काढला. "मग दुखलं कुठे?"

 तो हळूच म्हणाला, "दुखलं नाही. हात वर केला की तुम्ही थांबाल, वाकून विचाराल... तेवढ्यासाठी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की सुटकेचं, तिलाच कळेना. "तुमचा दात गेला असं वाटलं मला. कळतंय का तुम्हाला?"

"आता कळतंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "चुकलो मी."

तिने दात तात्पुरता बंद केला आणि तिला हे काम शिकवणाऱ्या सरांच्या नावे चिठ्ठी लिहायला बसली.

"म्हणजे हाकलताय मला?"

"सहा वर्षांत माझा हात कधी थरथरला नव्हता. या हाताने मी तुमच्या दाताला पुन्हा शिवणार नाही. वाचा."

त्याने वाचलं – 'नळी सापडली आहे. पुढचं काम आपण करावं. पेशंट घरचा असल्याने मी करू शकत नाही.'

त्याने पुन्हा वाचलं. "सर विचारतील, घरचा... कधीपासून?"

तिने पेनाला टोपण लावलं. "आजपासून म्हणून सांगा."