सही नसलेला आवाज

महाडच्या एसटी स्टँडमागे पत्र्याच्या पन्हळीतून पाणी एका गंजक्या पिंपात पडत होतं आणि इरावती त्या पिंपावर छत्री धरून उभी होती. स्वतः खुशाल भिजत होती. छत्री होती ती पिंपाच्या काठाशी धरलेल्या माइकसाठी.

"पिंपाला सर्दी होईल म्हणून का?"

मागून आवाज आला. तिने वळूनही न बघता ओठांवर बोट ठेवलं. मागचा माणूस गप्प झाला. इतका, की बराच वेळ तो तिथे आहे हेही तिला जाणवलं नाही. तिने यंत्र बंद करून पाहिलं, तर चष्म्यावर थेंब साचलेला एक उंच तरुण घोट्याएवढ्या डबक्यात पाय तसाच ठेवून उभा होता.

"आता बोला," ती म्हणाली.

"आधी पाय काढू का?"

इरावतीला हसू आलं. कुणी तिच्यासाठी चार मिनिटं डबक्यात उभं राहिल्याचं तिला तरी आठवत नव्हतं.

"एवढी धडपड कशासाठी?" त्याने विचारलं.

"गेमसाठी. कॉम्प्युटरवरच्या."

"पाण्याचे आवाज मुंबईत सीडीवर विकत मिळतात की."

"ते पाणी मुंबईचं असतं."

त्याने चष्मा पुसला. मग जरा चाचरत विचारलं, "इथे तो गेम बनवणारा स्टुडिओ... खताच्या दुकानावर... तो कुठे आला?"

"चला, मी तिकडेच चाललेय."

रस्ताभर तो काहीबाही विचारत राहिला आणि ती उत्तरं देत राहिली. त्याचं नाव निषाद. आपण कशासाठी आलोय ते मात्र त्याने सांगितलं नाही. ते कळलं जिना चढून वर गेल्यावर, शरद सरांच्या चेहऱ्यावरून.

शरद सर एकेकाळी महाडात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. त्यांनीच हा सहा जणांचा स्टुडिओ उभा केला होता. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीने तो विकत घेतला. आता, दोन हजार सहाच्या त्या भाद्रपदात, कंपनीला गेम बनवायचे नव्हते, फक्त विकायचे होते.

"हे मुंबईहून आलेत, इरा," सर म्हणाले. "आपली यादी करायला. बंगळुरूची एक कंपनी आपल्याला विकत घेतेय."

इरावतीने निषादकडे पाहिलं. तो बूट काढत होता, आणि नुसता बूट काढत होता.

"आधी सांगायचंत," ती म्हणाली.

"आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मला कुठल्या तरी भलत्याच जिन्यावर पाठवलं असतं."

हे खरं होतं, म्हणून तिला जास्त राग आला.

यादीला चार दिवस होते. टेबलं, यंत्रं, जुने दोन गेम हे सगळं भराभर झालं. बंगळुरूवाल्यांचा जीव मात्र तिसऱ्या, अजून अपुऱ्या गेममध्ये होता. एक मुलगी धुक्यातून दरीत उतरते, एवढीच त्याची गोष्ट. दिसत काहीच नाही. आवाजावरून वाट काढायची. त्यातले सगळे आवाज इरावतीचे होते.

दुपारी दिवे गेलेले, कॉम्प्युटर बॅटरीवर चाललेला, खिडकीबाहेर ढग उतरलेले, अशा वेळी निषाद तो गेम खेळायला बसला. गेममधली मुलगी कड्याशी आली. पाण्याची टिपटिप थांबली आणि त्याच्या कानाशी एक बाई हलकेच म्हणाली, "हळू गो... पाय बघून टाक."

निषादने कळफलकावरून हात उचलले. मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"सगळेच तिथे हात उचलतात," पलीकडून मुकुल म्हणाला. गेमचं सगळं प्रोग्रामिंग हा मुकुल करायचा. "मी तर तो भाग एकट्याने खेळतच नाही."

"कुणाचा आवाज आहे?"

"माहीत नाही," इरावती म्हणाली. "पोलादपूरच्या वर एक कोंड आहे, डोंगरातली छोटी वाडी. तिथल्या दरीवर मी दोन तास धुकं रेकॉर्ड करत बसले होते. आसपास चिटपाखरू नव्हतं. इथे येऊन ऐकलं, तर ही त्यात होती."

निषादने आपल्या कागदांकडे पाहिलं. प्रत्येक आवाजाला माणूस हवा होता आणि प्रत्येक माणसाची सही. नाहीतर बंगळुरूवाले गेम घेणार नव्हते, आणि गेम नसेल तर स्टुडिओही नाही. मग महिनाअखेर कुलूप.

"एक करता येईल," तो आवाज खाली आणून म्हणाला. "हा आवाज तुमचाच आहे असं लिहू. सही करा. कुणाला कळतंय?"

"तिला कळेल," इरावती म्हणाली. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"मग तिला शोधू," तो म्हणाला. "उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी ते पोलादपूरला उतरले आणि तासभर चढत कोंडावर पोचले. वाटेत तेरडा फुलला होता. निषाद दर वळणावर दम खायला थांबे आणि आपण देखावा बघतोय असं दाखवी.

"छान आहे ना?" तो म्हणे.

"धुकं आहे समोर. काय छान आहे त्यात?"

"जवळचं तेवढंच दिसतं," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. इरावतीचे कान गरम झाले. राग धरायचा ठरवलं होतं. तो कुठे निसटला कळेना.

कोंडावर पहिल्याच घराच्या पडवीत येसूबाई नाचणी पाखडत होती. दोघांना तिने ताक दिलं. इरावतीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि तो तुकडा लावला.

येसूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"ही अंबिका," ती म्हणाली. "माझी जाव."

"कुठे असतात त्या?" निषादने विचारलं.

"असते कुठं? ऱ्हायली नाय ती. अठरा वरसं झाली. गवताचा भारा घेऊन येत होती, धुक्यात पाय सुटला. लेक येक वरसाची होती, श्रुतिका. मीच वाढवली."

पडवीत एकदम थंडी वाटली. इरावतीने अंगाभोवती ओढणी ओढून घेतली.

"घाबरू नको गो," येसूबाई म्हणाली. "ती कुणाला वढत नाय. धुकं असलं का सांबाळते. गणूला सांगितलंन, भिकूला सांगितलंन. फकस्त, असं कुणी धरून नेलं नव्हतं तिला."

निषादने पिशवीतून कागद काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला. "यावर सही लागते," तो अडखळत म्हणाला. "तुम्ही घरच्या... तुम्ही केली तरी..."

"आवाज तिचा, नि सही मी कशी करू रं? तिलाच इचार जा."

ती थट्टा करत नव्हती.

दरीच्या वाटेवर भर बाराला संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. धुकं खालून वर येत होतं. एरवी सतत ओरडणारे बेडूकही गप्प होते. जिथे इरावती पूर्वी बसली होती, त्या कातळाशी ते थांबले. निषादने कागद उघडला आणि साहेबी मराठीत वाचायला लागला, "मी, अंबिका, याद्वारे..." आणि थांबला. कागदाची घडी करून त्याने खिशात घातली.

"तुमचा आवाज आम्ही न विचारता घेतला," तो धुक्याकडे बघत म्हणाला. "हिला माहीत नव्हतं. आता तो विकायचा म्हणतायत. मला ते बरोबर वाटत नाही... एवढंच सांगायचं होतं."

इरावती त्याच्याकडे बघत राहिली. सुटाबुटातल्या कंपनीचा हा माणूस रिकाम्या दरीला मान खाली घालून बोलत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

उत्तर आलं नाही. ते परत फिरले आणि धुक्यात नकळत दुसऱ्याच फाट्याला लागले. निषाद पुढे, ती मागे. माइक चालू होता, कानांवर हेडफोन होते. दहा पावलांत त्याची पाठही धुक्यात विरली. नुसती पावलं ऐकू येत होती. ती पावलं एकाएकी थांबली. धावत पुढे जाऊन तिने पाहिलं. निषाद एक पाय उचलून उभा होता. त्याच्यापुढे वाटच नव्हती. रात्रीच्या पावसाने ती खचून गेली होती. त्याच्या टाचेपासून एक दगड सुटला आणि खाली गेला. कुठे पोचल्याचा आवाज काही आला नाही.

तिने त्याचा शर्ट पाठीमागून मुठीत धरला आणि त्याला मागे खेचलं.

"थांबलास म्हणून," ती धापा टाकत म्हणाली. "थांबलास म्हणून बरं..."

"तू म्हणालीस म्हणून थांबलो."

"मी काय म्हणाले?"

"हळू रे, पाय बघून टाक."

इरावतीने मान हलवली. ती काहीच बोलली नव्हती. यंत्र मागे फिरवून दोघांनी एकेका कानाने ऐकलं. थेंब. त्याची पावलं. मग पावलं थांबलेली. मग दगड. मधे कुणीही नव्हतं.

"पण 'रे' म्हणाली," निषाद पुटपुटला. "तुझ्या त्या तुकड्यात 'गो' आहे."

घरं दिसेपर्यंत इरावतीने त्याचा शर्ट सोडला नाही. त्यानेही सोड म्हटलं नाही. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

महाडला परतताना एसटीत तो म्हणाला, "तो आवाज यादीत जाणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे."

"गेममधूनही काढते," ती म्हणाली. "त्या जागी मी बोलते. खरंच बोलते. मग सही माझी."

पण ते जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने ते वाक्य वीसेक वेळा म्हटलं. काचेच्या पलीकडे मुकुल दर वेळी मान हलवी. कधी ते शाळेतल्या बाईंच्या सूचनेसारखं येई, कधी नाटकातल्यासारखं.

"तू कुणाला सांगतेयस?" मुकुल कंटाळून म्हणाला. "समोर कुणीतरी आहे असं समज."

निषाद यादीचे कागद घेऊन दारात उभा होता. न विचारता आत आला आणि माइकच्या पलीकडे, जमिनीवर मांडी घालून बसला. उद्या सकाळी तो जाणार होता.

इरावतीने त्याच्याकडे पाहिलं. काल तो उचललेला पाय तिला दिसला, त्याखालचं पांढरं रितेपण दिसलं. त्याच्या पायाखालची वाट आपण आता जन्मभर बघत बसणार, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"हळू रे..." ती म्हणाली. "पाय बघून टाक."

निषादच्या चष्म्यामागे डोळे भरले होते.

"फार छान," हेडफोनमधून मुकुल म्हणाला. "फक्त गेममध्ये मुलगी आहे. 'गो' म्हणायचंय."

इरावतीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. निषाद कागद गोळा करून बाहेर गेला. जाताना दाराला धडकला.

पुढचं वाक्य एका दमात बरोबर आलं. सही झाली. स्टुडिओ विकला गेला.

मग महिनाभर निषादचा फोन नाही की पत्र नाही. बंगळुरूवाल्यांनी कळवलं, दिवाळीनंतर सगळं तिकडे हलवायचं. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. शरद सर म्हणाले, "माझं वय झालं. तू जा, गेम पुरा कर." ती हो म्हणाली. अंबिकेच्या आवाजाचं मूळ रेकॉर्डिंग मात्र तिने कुठेच दिलं नव्हतं. एका कॅसेटवर तिने ते उतरवलं, मशीनमधून पुसलं आणि वसुबारसेला पोलादपूरची गाडी पकडली.

कोंडाच्या चढाच्या पायथ्याशी दगडावर निषाद बसला होता. खांद्याला पिशवी, पायात नवे जाड तळव्याचे बूट.

"शरद सरांनी सांगितलं, तू आज येणार," तो म्हणाला.

"महिनाभर कुठे होतास?"

"राजीनामा मंजूर व्हायची वाट बघत होतो. त्याआधी फोन केला असता, तर नुसताच बोललो असतो."

पडवीत येसूबाईने टेपरेकॉर्डर काढून ठेवला. श्रुतिका, एकोणीस वर्षांची, त्याच्यापुढे उकिडवी बसली. कॅसेट लागली. थेंबांचा आवाज झाला आणि मग तिची आई बोलली.

"असा होता?" श्रुतिकाने विचारलं.

"असाच," येसूबाई म्हणाली.

"परत लावा."

तिने तो पाच वेळा ऐकला. सहाव्या वेळी तिने स्वतःच बटण दाबून यंत्र बंद केलं आणि आत निघून गेली. बाहेर दरीवर धुकं चढत होतं. येसूबाई या दोघांकडे बघत होती.

"तुमचं लगीन झालं काय?"

"नाही," इरावती म्हणाली.

"का?"

निषादने घसा साफ केला. "ती बंगळुरूला चाललीय."

"मंग तू पण जा. हितं काय हाय तुजं?"

निषाद विचार करत राहिला, जणू खरोखरच यादी करत होता. "काही नाही," तो म्हणाला. मग इरावतीकडे वळला, आणि इतका वेळ जुळवलेलं सगळं विसरला असावा. "येऊ का?"

इरावती लगेच उत्तर देणार नव्हती. महिनाभर तिनेही वाट पाहिली होती. तिने येसूबाईने दिलेला ताकाचा पेला संपवला, पडवीच्या कडेला नेऊन विसळला, पालथा ठेवला.

"भाऊबीज झाली की निघायचंय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "शरद सर तिकीट काढायला जाणार आहेत. त्यांना सांगते... दोन काढा म्हणून."