जिन्यातली शांतता

लिफ्टचं दार मिटता मिटता बाहेरून कुणीतरी म्हणालं, "एक मिनिट हं..." आणि तिच्या हातातली कॉफी हिंदकळली.

आवाज ओळखीचा होता. नुसता ओळखीचा कसला, गेले कित्येक महिने तो तिच्या कानात मुक्कामालाच होता! ती एडिटर. एका थरारपटाचं फुटेज रोज तिच्या पडद्यावर यायचं, आणि प्रत्येक शॉटच्या आधी कॅमेऱ्यामागून हाच आवाज म्हणायचा, "शांतता प्लीज... रोलिंग." कधी तो शिंकायचा, कधी बावरलेल्या नटीला म्हणायचा, "घाबरू नका, माइक चावत नाही." सिनेमात यातलं काहीच राहणार नव्हतं. ते कापून टाकणं हेच तर तिचं काम. पण कापण्याआधी ती ते पुन्हा पुन्हा ऐकायची आणि एकटीच हसायची.

आता तो समोर उभा होता. विस्कटलेले केस, गळ्यात हेडफोन.

"तुम्ही साउंडवाले ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"हो. पण ओळखलंत कसं?"

"तुम्ही... शिंकता फार."

तो इतका खळखळून हसला, की उरलीसुरली कॉफीही सांडली.

योगायोग असा, की तो तिच्याकडेच निघाला होता. सिनेमातला जिन्याचा प्रसंग काही केल्या अंगावर येत नव्हता, म्हणून दिग्दर्शकबाईंनी त्याला धाडलं होतं. एडिटिंगच्या छोट्याशा अंधाऱ्या खोलीत दोघं शेजारी बसले. पडद्यावर नायिका जिना चढून दाराशी आली, आणि दाराआड सुरी घेऊन उभा असलेला माणूस लगेच दिसला.

"एक बोलू? रागावणार नाही ना?" त्याने विचारलं.

"ते ऐकल्यावर ठरवते."

"तिला जरा दाराशी उभी राहू द्या की. आत तो आहे हे आम्हा प्रेक्षकांना आधीच्या प्रसंगातून ठाऊक आहे, तिला नाही. तुम्ही थांबलात तर आम्हीच खुर्चीत ओरडू, अगं नको, मागे फिर! पण तुम्हालाच धीर निघत नाही."

वर्मावर बोट ठेवलं मेल्याने! तिला हे कळत नव्हतं थोडंच? पण वाट बघणं तिच्या रक्तातच नव्हतं. पुस्तकाचं शेवटचं पान ती आधी वाचायची. धाकटा भाऊ तर तिला 'घाईताई'च म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकबाई सहज बोलून गेल्या, "प्रसंग लवकर आटपा बरं का, आपल्या साउंडवाल्याला दुसऱ्या शूटिंगला जायचंय. पार समुद्रापलीकडे, सहा महिने." म्हणजे प्रसंग संपला, की तो जाणार.

आणि काय नवल, घाईताई चक्क रमतगमत काम करू लागली. दाराच्या मुठीवरच्या हाताचा शॉट तिने लांबवला. मग पायरीवरची चप्पल, मग पुन्हा मूठ... सुरीवाला मात्र दाखवलाच नाही. शेजारी बसून साउंडवाला डोळे मिटून ऐकायचा, ती त्याच्या पापण्या बघत राहायची. पडद्याचा निळसर उजेड दोघांच्या हातांवर सांडायचा. मध्येच कोपराला कोपर लागायचं, आणि दोघंही अगदी मन लावून पडद्याकडे बघायचे. दुपारी कधी उगवायच्या, कधी मावळायच्या, पत्ता लागत नसे. बोलावं, आज तरी बोलावं, असं तिला रोज वाटायचं. पण त्याच्या मनात काय आहे कुणास ठाऊक...

शेवटी प्रसंग झाला. तिलाच बघताना घाम फुटला.

"झकास!" तो म्हणाला. "पण चित्राखाली आवाज पोकळ वाटतोय. त्या जिन्याची शांतता भरायला हवी."

"शांतता सगळीकडे सारखीच ना?"

"छे! प्रत्येक जागेची आपली वेगळी असते. चला, ऐकवतो."

शूटिंगचा तो जिना स्टुडिओच्या मागेच होता. दुपारच्या सुट्टीमुळे चिटपाखरू नव्हतं. ती वरच्या पायरीवर थांबली. त्याने माइक लावला, कानांवर हेडफोन चढवले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मी उद्या निघतोय. एक विचारायचं होतं... मी येईपर्यंत माझी वाट बघाल?"

ती तोंड उघडणार तोच त्याने बोट वर केलं. "शांतता प्लीज... रोलिंग."

भित्रा कुठला! उत्तराच्या धास्तीने तो माइकमागे लपला होता. आता हलायचं नाही, श्वासही जपून घ्यायचा.

'हो' तिच्या ओठांवर येऊन बसलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिला घाई करावीशी वाटेना. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, त्यात धूळ तरंगत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने वर पाहिलं. खाली पाहिलं. पुन्हा वर. गाल लालबुंद झाले होते. इतका गोड शॉट कापायचा कुणी?

"बोल ना काहीतरी!"

जिनाभर घुमलं. कागद सळसळला तरी अख्ख्या युनिटला झापणाऱ्या माणसाने स्वतःच रेकॉर्डिंगची वाट लावली होती.

"चालू आहे ते," ती पुटपुटली.

"असू दे! इथे जीव जातोय माझा."

ती एक पायरी खाली उतरली. मग आणखी एक.

"मला वाट बघता येत नाही, आमच्या घरी कुणालाही विचार. पण तुझी... बघीन."

त्याने हेडफोन काढून बाजूला ठेवले. "पुन्हा म्हण ना," तो म्हणाला. "तसंच. हेडफोनशिवाय ऐकायचंय."

तिने पुन्हा म्हटलं. त्या दुपारी जिन्याची शांतता काही मिळाली नाही.