वरची बाजू

"सुमे, बोअरला सहाशे फुटांवर चुनखडी लागली गं," अब्बांनी सकाळी सांगितलं, तेव्हा सुमैरानं मान वर करूनही पाहिलं नाही. तासगावात चुनखडी म्हणजे द्राक्षबागेच्या मातीतले पांढरे खडे. ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांचंच रडगाणं. पण सहाशे फुटांवर? तिथं तर नुसता काळा पाषाण! हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत दुपार झाली. चुनखडीवर सात वर्षं काढलेली बाई ही, पण मन थाऱ्यावर असेल तर ना!

तेलासाठी समुद्रात विहिरी खणतात. त्यांतून दगडाची गोल दांडकी निघतात, कोअर म्हणतात त्यांना. ती वाचणं हे सुमैराचं काम. जुन्या समुद्रात शिंपल्यांचा चुना साचून दगड होतो. मग जमीन हलते. जो भाग वर उचलला जातो त्याची पावसानं चाळण होते, आणि तेल त्या भोकांत मुरतं. जो खचतो त्यात गाळ भरतो. तिथं तेल कुठलं? उचललेला कुठला आणि खचलेला कुठला, हे कोअरवरून कळतं. पण कोअरची वरची बाजू कुठली, ते आधी ठाऊक हवं. म्हणून दगड सुलटा धरून उजवीकडं तांबडी रेघ मारायची, डावीकडं काळी.

तुकड्यांवर आकडे सुमैरानं घातले, रेघा सयाजीनं मारल्या. सांगलीच्या कॉलेजातला सोबती, मलकापूरचा. त्याच्या रेघा काय तपासायच्या? तिथंच तिचा घात झाला. त्यानं सगळी कोअर उलटी मांडली होती. तिनं दाखवली तिथं विहीर कोरडी निघाली, ती निलंबित झाली आणि तिच्या खुर्चीत सयाजी बसला. केसानं गळा कापला मेल्यानं! वर चौकशीत सगळ्यांसमोर विचारतो, "वरची बाजू कुठली, एवढं तरी कळतं का बाईंना?" लोक हसले होते.

खरं सांगू शकला असता तो सतरावा तुकडा. त्यात एक पोकळ शिंपला होता. शिंपल्यात गाळ तळाशी बसतो, वरची जागा रिकामी राहते. रेघा पुसता येतात, गाळाला कोण पुसणार? पण तो तुकडाच पेटीतून गायब होता, आणि सोमवारी चौकशीचा निकाल होता.

दुपारी ती बघायला गेली. बेदाण्याच्या शेडमागं बोअरचा पाइप जमिनीतून हातभर वर आला होता. शेजारी राखाडी भुकटीचा ढीग. बोअरच्या गाडीतून भुकटीच निघते, अख्खा दगड कधीच नाही.

"ह्यो तेवढा अख्खा वर आला," अब्बा म्हणाले. "रॉकेलचा वास मारतोय बग."

पांढरं गोल दांडकं. त्यावर १७. साताची शेपटी लांब ओढलेली, तिच्याच हातची. उजवीकडं तांबडी रेघ, डावीकडं काळी. आणि शिंपल्यातला गाळ छताला चिकटलेला.

तिनं सयाजीला फोन लावला.

"सतरा नंबर सापडला."

"गप गं. त्यो हितं घरात माझ्या टेबलावर हाय. आत्ता बघतोय की."

"म्हणजे तूच चोरलास!"

तो हसला. "चोरला. सांग जा सोमवारी. कोण ऐकतंय तुझं?"

"भाऊ मानला होता रे तुला," ती म्हणाली. तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचीच चीड आली. तिनं दगड उचलला आणि गाळ तळाशी येईल असा सुलटा करून भुकटीवर ठेवला.

फोनमध्ये खुर्ची घासल्याचा आवाज आला.

"सुमे, कोण फिरवतंय गं? थांब, घर उलटं—"

फोन बंद.

तिनं पुन्हा लावला. रिंग वाजली. कानात वाजली, आणि पायाशीही.

अब्बा पाइपाजवळ वाकले. "सुमे," ते हळूच म्हणाले, "खाली कोण हाय गं?"

रिंग थांबली. पाइपातून रॉकेलचा ऊबदार वास आला आणि त्यामागून, लय खोलातून, सयाजीचा आवाज.

"सुमे, वरची बाजू कुठली गं?"