डोकं चेपण्याची सवय

भास्कर उपऱ्यांचा उजवा हात आठवडाभर अडकत होता. कप धरला की बोटं सुटायला वेळ लागे. इचलकरंजीत मागावर काम करताना त्यांचा खरा हात गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. हा कृत्रिम हातही तेवढाच जुना.

"डिस्क भरलीय, काका," दुरुस्ती केंद्रातली इंजिनिअर नसीम मुजावर म्हणाली.

अशा हातांच्या मनगटात छोटी डिस्क असते. जे काम वारंवार होतं त्याचा वेग, पकड, दाब हात स्वतःच शिकतो आणि त्याची फाईल करून ठेवतो. या फायलींना 'सवयी' म्हणत. जागा संपली की हात मध्येच थांबतो.

नसीमने जुन्या अपडेटचे उरलेसुरले तुकडे काढले. मूळ फायलींना ती शिवली नाही. त्या गेल्या असत्या तर बोटं मिटलीच नसती. तरी नव्या अपडेटपुरती जागा होईना.

"नवं अपडेट हवंच. नाहीतर हात गरम तव्यावरून वेळेत मागे येणार नाही. पाच वर्षांत न वापरलेल्या सवयी काढूया."

पडद्यावर यादी आली. सुताची गाठ मारणं. "काढा," भास्करराव म्हणाले. सायकलचा ब्रेक. "काढा." मग डोकं चेपणं. शेवटचा वापर सात वर्षांपूर्वी.

"ही राहू दे, मॅडम."

"कुणाचं डोकं?"

"बायकोचं. यशोदेला अर्धशिशी होती. रोज संध्याकाळी चेपायचो. किती दाबायचं ते मला आता आठवत नाही. हाताला आठवतं."

"नियम फक्त तारीख बघतो, काका. घरी कुणाचं तरी डोकं चेपा. फाईल वापरातली ठरली की तिच्याऐवजी दुसऱ्या बारीकसारीक काढू."

"घरी कोण आहे?"

नसीमने चष्मा काढला आणि खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाठ केली. "माझं चेपा."

बोटांनी भुवईवरची जागा आपणहून शोधली. दाब अगदी हलका, कपाळाला जेमतेम कळेल एवढाच. हाच तो! भास्कररावांनी डोळे मिटून घेतले.

नसीमचं डोकं कामाने ठणकत होतं. नकळत ती मागे रेलली. हात शिकणारा होता. समोरच्या कपाळाला जोर हवाय, हे त्याने ओळखलं आणि तो दाब वाढवत गेला.

"नको, नको!" भास्कररावांनी डाव्या हाताने उजवा ओढून काढला.

पडद्यावर आजची तारीख आली होती. खाली एक ओळ होती: सवय सुधारली, जुनी नोंद पुसली.

"परत नाही येणार?"

नसीमने नकारार्थी मान हलवली. "मला आधी सुचायला हवं होतं, काका."

भास्करराव बाही खाली ओढून बाहेर पडले. एसटी स्टँडवर बाकाच्या कडेला बसून त्यांनी तो हात स्वतःच्या कपाळावर ठेवला.

हाताने क्षणभर चाचपलं. मग तो त्यांचं कपाळ शिकू लागला.