दुसरा रिमोट

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यावर हे गुदरलं ती नीता आजही जव्हारला नोकरी करते. विचारलं तर सांगेल.

फक्त जेवायच्या आधी विचारू नका.

साल २००४. डिसेंबर महिना. जव्हारच्या बस स्टँडमागे, उतारावर, भाड्याच्या दोन खोल्या. या गोष्टीत अमावस्या नाही, मध्यरात्रही नाही. जे झालं ते खिडकीतून ऊन येत असताना झालं. त्यामुळे झोपेत भास झाला असेल, असंही म्हणता येत नाही.

घरात दोघीच असायच्या. नीता आणि तिची सासू, धोंडीबाई. नवरा उमेश मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेवर शिक्षक. शनिवारी यायचा, सोमवारच्या पहिल्या एसटीने परत जायचा.

सासरे त्याच वर्षी होळीनंतर वारले होते. लाडक्या त्यांचं नाव. घरात सगळे दादा म्हणायचे. दोन वर्षं खाटेवर पडून होते. अर्धांगवायू. उजवं अंग पूर्ण गेलं, वाचा गेली, तोंड एका बाजूला लोंबू लागलं.

तंबाखू मात्र गेली नाही.

डावा हात तेवढा चालायचा. त्या हाताने ते खाटेची लोखंडी दांडी बडवायचे. मग धोंडीबाई तंबाखूला चुना लावून, मळून त्यांच्या ओठात ठेवायच्या. त्यानंतर दिवसभर तोंडाच्या कोपऱ्यातून तपकिरी लाळ गळत राहायची. पुसली की पुन्हा. पुसली की पुन्हा. पुसायला उशीर झाला तर दादा लाळ तोंडात साठवून ठेवायचे, आणि बायको जवळ आली की तिच्या हातावर सोडायचे. मुद्दाम.

नीताने हे पाहिलं होतं. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. हात पदराला पुसायच्या आणि पुन्हा फडकं घेऊन बसायच्या.

उमेश शनिवारी आला की उंबऱ्यात उभा राहायचा. नाकाला रुमाल. "बरं हाय ना दादा?" एवढं विचारून चौकात निघून जायचा.

दादा गेल्यावर घर एकदम गप्प झालं. सासूबाई भिंतीला टेकून बसून राहायच्या. हात मांडीवर तसेच.

डिसेंबरात नीता ऑफिसच्या ट्रेनिंगला नाशिकला गेली. भावाकडे उतरली होती. भाच्यांचा टीव्ही गेम होता, तिने सहज रिमोट हातात घेतला आणि तिला जेवायची शुद्ध राहिली नाही. परत निघताना तिने मेन रोडवरच्या दुकानातून तसाच एक गेम विकत घेतला.

एक लक्षात घ्या. वस्तू कोरी होती. खोक्याची चिकटपट्टी दुकानदाराने तिच्यासमोर ब्लेडने कापली. आत एक राखाडी मशीन, दोन काळे रिमोट, एक पिवळी कॅसेट. सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. नव्या रबराचा वास. त्र्यंबक, मोखाडा करत एसटी जव्हारला पोचेपर्यंत खोका तिच्या मांडीवर होता.

"काय आणलास गं?" सासूबाईंनी विचारलं.

"टीव्हीवर खेळायचं हाय, आई."

"घरात पोर नाय. कोन खेळल?"

"आपण दोघी."

सासूबाई भिंतीलाच टेकून राहिल्या.

नीताने टीव्ही भिंतीपासून ओढला, मागे पिन खोचली, चॅनेल शोधू लागली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. बराच वेळ. मग एकदम चित्र आलं, गाणं वाजलं, आणि सासूबाई भिंत सोडून पुढे सरकल्या.

रणगाड्यांचा गेम होता. पिवळा रणगाडा नीताचा, हिरवा सासूबाईंचा. रिमोटची डावीकडची बटणं दाबली की रणगाडा फिरायचा. उजवीकडची दाबली की गोळी सुटायची.

"हा हिरवा माझा?"

"तुमचाच."

"मंग त्याला भिंतीत कशाला घालतंय मी?" असं म्हणून सासूबाई हसल्या.

लग्न होऊन आल्यापासून नीताने ते हसू ऐकलं नव्हतं.

मग रोजचंच झालं. नीता ऑफिसातून आली की चहा, आणि लाईट जाईपर्यंत खेळ. सासूबाई जीभ दातांत धरून खेळायच्या. हरल्या की मशीनला शिव्या घालायच्या. शेजारची रुपी दारातून डोकावून म्हणाली, "मावशी पोरगी झाली पुन्हा."

मग एक दिवस...

सासूबाईंचा रिमोट चिकट लागला.

नीताला वाटलं, तेलाचा हात असेल. तिने ओल्या फडक्याने पुसला. फडक्यावर तपकिरी डाग उमटला. चहा सांडला असेल, म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दोन्ही रिमोट खोक्यात घातले आणि खोका फळीवर ठेवला. संध्याकाळी काढला.

पहिला रिमोट कोरडा.

दुसरा... ओला. बटणांच्या फटींत काहीतरी भरलेलं. नीताने बोट लावलं आणि उचललं. बोटाबरोबर तार आली. लांब, बुळबुळीत, तुटेना. आणि कोमट.

तिने बोट नाकाजवळ नेलं.

तंबाखू. चुना. आणि त्याखाली, बरेच दिवस न धुतलेल्या तोंडाचा वास.

मोरीवर जाऊन तिने कोपरापर्यंत साबण लावला. तरी वास जाईना. पाल असेल, उंदीर असेल, असं ती स्वतःलाच सांगत होती. पाल तंबाखू खात नाही, हे तिलाही कळत होतं.

सासूबाईंना तिने काही सांगितलं नाही. आत्ता कुठे हसायला लागल्या होत्या.

रविवारची दुपार होती. त्या आठवड्यात उमेशला शाळेवरच थांबावं लागलं होतं. सासूबाई चुलीपुढे नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या. नीता एकटीच खेळायला बसली. दुसरा रिमोट बाजूला सतरंजीवर पडला होता. त्याला कुणाचा हात नव्हता.

पडद्यावर हिरवा रणगाडा हलला.

नीताने आपला रिमोट खाली ठेवला.

हिरवा रणगाडा हळूहळू वर गेला. भिंतीला लागला. डावीकडे वळला. खाली आला. समोरून शत्रूचे रणगाडे येत होते, गोळ्या झाडत होते... हिरवा नुसता फिरत होता. एकही गोळी सोडत नव्हता.

नीताने सतरंजीवरच्या रिमोटकडे पाहिलं. डावीकडची बटणं आपोआप दबत होती. उजवीकडची तशीच.

उजवं अंग गेलेलं होतं.

ती उठणार, तेवढ्यात तिच्या मनगटावर काहीतरी पडलं.

कोमट. जड. तपकिरी.

तिने वर पाहिलं. वर कौलं होती, कोरडी. शेजारी कुणी नव्हतं. पण शेजारून, कुणी मांडी घालून बसलं तर त्याचं तोंड जिथे येईल तिथून, मधल्या हवेतूनच, दुसरा थेंब लोंबला... लांबला... आणि तुटून तिच्या हातावर पडला.

नीताला तिथेच ओकारी झाली.

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. हाताला पीठ. त्यांनी नीताकडे पाहिलं, तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग सतरंजीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्या दचकल्या नाहीत.

"तुझ्यावर पण थुकला का?" एवढंच विचारलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिसापासून. तू येयाच्या आधी मी पुसून ठेवायची. मला वाटला तुला कळनार नाय."

म्हणजे त्या हसत होत्या, खेळत होत्या... आणि नीता घरी यायच्या आधी रोज तो रिमोट पुसत होत्या.

सासूबाई खाली बसल्या. सावकाश बोलू लागल्या. नीताशी नाही, त्या रिकाम्या जागेशी.

"दोन वरसं पुसला तुला. भाकर हातात घेतली का तुझाच वास यायचा, तशीच गिळायची. शिसारी यायची मला. कुनाला बोलले नाय. लोक म्हनायचे, धोंडीबाई किती करते नवऱ्याचा. आता मी खेळतंय. आता मी पुसनार नाय."

पडद्यावर हिरवा रणगाडा थांबला.

मग सतरंजीवर दुसरा रिमोट आपटू लागला. ठक... ठक... ठक... खाटेची दांडी बडवायचे, तसाच.

सासूबाई उठल्या, हात धुतले, पायात चपला घातल्या. "मी रुपीकडं बसतंय," म्हणाल्या आणि खरंच गेल्या.

त्या आठवड्यात कुणीच पुसलं नाही. लाळ वाढत गेली. नीताने मशीन फळीवर ठेवलं, तर फळीवरून ओघळ आला. पोत्यात बांधून मोरीजवळ ठेवलं, तर पोतं भिजून त्यावर माश्या बसल्या. भात उकळला तरी तोच वास. नीता ऑफिसातच डबा खायची, तोही अर्धा. सासूबाईंनी पिशवी भरली आणि जामसरला लेकीकडे, जयवंतीकडे निघून गेल्या. जाताना त्यांनी पोत्याकडे पाहिलंही नाही.

शनिवारी उमेश आला. नीताने सगळं सांगितलं.

"उंदीर मेला असल मशीनमध्ये," तो म्हणाला. खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि पोतं सोडलं.

दुसरा रिमोट त्याने हातात घेतला. क्षणभर. मग त्याच्या बोटांतून ती तार खाली लोंबली.

नीताला वाटलं, आता फेकेल.

उमेशने रुमाल नाकावरून काढला. त्याच रुमालाने तो रिमोट पुसू लागला. बटणांमधल्या फटी, खालची बाजू, वायर. पुसलं की पुन्हा यायचं. तो पुन्हा पुसायचा.

"अहो, टाका ते," नीता म्हणाली. "दरीत टाकून या."

"मी एकदा पन पुसला नाय यांना," उमेश म्हणाला. "एकदा पन नाय, नीता."

लाईट गेली तरी तो तिथेच बसून होता.

सोमवारी जाताना तो पोतं बरोबर घेऊन गेला. घाटात टाकतो म्हणाला. त्या दिवसापासून जव्हारच्या घरातला वास गेला. नीताने सतरंजी जाळली, फळी रंगवून घेतली. जामसरहून निरोप आला, आई दोन वेळा पोटभर जेवते, अंगाने भरली आहे.

सगळं मिटलं, असं नीताला वाटलं.

पण उमेश शनिवारी घरी आला की आधी मोरीवर जायचा. बराच वेळ हात धुवायचा. आणि ताटावर बसला की त्याच्या बोटांतून... अगदी बारीक... तो वास यायचा. उमेशने आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. नीता त्याच्या ताटात भाकरी लांबूनच टाकू लागली.

शेवटी उन्हाळ्यात एक दिवस ती न सांगता त्याच्या शाळेवर गेली. मुलं सुट्टीला गावी गेलेली. आवारात चिटपाखरू नव्हतं. शिक्षकांच्या खोल्यांपुढे दोरी बांधलेली होती, आणि दोरीवर चौकोनी फडकी वाळत घातली होती. उमेशच्याच जुन्या सदऱ्यांची, कापून केलेली. धुतलेली. सगळ्यांच्या मधोमध तपकिरी डाग.

दार लोटलेलं होतं.

आत कुठूनतरी आणलेला छोटा टीव्ही चालू होता. आवाज बंद. हिरवा रणगाडा भिंतीकडेने गोल गोल फिरत होता. उमेश चटईवर बसला होता, हातात फडकं. शेजारी गादी घातली होती, मागे उशी लावली होती. गादीवर कुणी नव्हतं. उशीच्या मधोमध डोक्याएवढा खळगा होता, आणि त्यातून ओल पसरत होती.

उमेशने मान वळवली. तो वाळला होता, पण चेहरा समाधानी होता. त्याने हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"ये, बस. आवाज नको करू. आत्ताच जरा शांत झालेत."

नीता उंबऱ्यातच उभी राहिली. पदर नाकाला लावलेला.

ती आत गेली नाही. मिळाली त्या एसटीने जव्हारला परतली. पुढे जामसरला जाऊन सासूबाईंच्या कानावर घातलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला पुसू दे. कुनीतरी पुसायलाच पायजे." आणि त्यांनी विषय बदलला.

उमेश अजून त्याच शाळेवर आहे. बदली घेत नाही. शनिवारी येतो, हात धुतो, जेवतो, सोमवारी जातो. नीता काही विचारत नाही.

फक्त अलीकडे त्याला ठसका लागायला लागलाय. जेवताना त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा जरा ओला दिसतो. तो स्वतः पुसत नाही, नीताकडे बघत थांबतो.

नीता अजून तरी उठलेली नाही.